बावीस आवाजांचे समकालीन धर्मसंगीत एकसुरी का वाटते?

शेवटचा बाक यांचा प्रश्न:

काही दिवसांपूर्वी मी एका चेंबर क्वायरचा कार्यक्रम ऐकला. गाणारे बावीस जण, साथीला एकही वाद्य नाही, आणि पत्रिकेवरील सर्व रचना गेल्या पन्नासएक वर्षांतल्या, ख्रिस्ती प्रार्थना, स्तोत्रे व उपासनाविधीतील संहिता यांवर बांधलेल्या. आर्वो पेर्ट, जॉन टॅव्हनर, मॉर्टन लॉरिडसन ही नावे ओळखीची होती. दोन-तीन नावे मला अगदीच नवी होती. पहिल्या दोन रचनांनी मी भारावून गेलो. तिसरीही आवडली. चौथीपासून मात्र लक्ष उडू लागले, आणि सहावी संपली तेव्हा ती पाचवीहून कशात वेगळी होती असे कोणी विचारले असते तर मला उत्तर देता आले नसते. तीच संथ लय, तेच लांबवलेले स्वर, एकमेकांत विरघळणारे तेच धूसर स्वरमेळ, आणि दर वेळी शेवटी हळूहळू विझत जाणारा आवाज. शेजारच्या खुर्चीवरील बाई डोळे टिपत होत्या आणि मी मनगटावरचे घड्याळ पाहत होतो, याचा थोडा संकोचही वाटला.

वृंदगान मला अपरिचित आहे असे नाही. हेंडेल, मोझार्ट, व्हेर्दी यांच्या मोठ्या धार्मिक रचना मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. तिथे शंभर-दीडशे गायक असतात, पूर्ण वाद्यवृंद असतो, चाल लक्षात राहते आणि पुढे काय होणार याची उत्सुकता टिकते. इथे काही घडतच नाही, असे वाटत राहिले. ही या शैलीची मर्यादा म्हणायची की माझ्या ऐकण्याची? एवढ्या कमी आवाजांचा आग्रह कशासाठी धरला जातो? तिसरी शंका जरा मुळाशी जाणारी आहे. मी श्रद्धाळू नाही, लॅटिन मला येत नाही, आणि संहितेचे भाषांतर हातात असूनही सभागृहातले दिवे मंद केल्यामुळे ते वाचता आले नाही. श्रद्धा आणि भाषा या दोन्हींवाचून माझ्यासारख्याला या संगीतात शिरता येते का, की उंबऱ्यावर उभे राहूनच ऐकावे लागते?

आल्टो दोन यांचे उत्तर:

घड्याळ पाहिल्याचा संकोच बाळगू नका. मी अकरा वर्षे एका चेंबर क्वायरमध्ये दुसऱ्या आल्टोंच्या, म्हणजे स्त्रियांच्या खालच्या पट्टीतील आवाजांच्या, रांगेत गाते आहे, आणि अशा एखाद्या कार्यक्रमात गातागाताही माझे मन भटकलेले आहे. तरीसुद्धा इथे काही घडत नाही, हे तुमचे म्हणणे मला पटत नाही. तुम्ही चालीची वाट पाहत बसलात आणि चाल आली नाही, एवढेच झाले. यांतील पुष्कळ रचनांचा सारा डोलारा शब्दाच्या अक्षरांवर आणि त्या त्या क्षणी जुळणाऱ्या किंवा मुद्दाम न जुळू दिलेल्या सुरांवर उभा असतो. घडते ते तिथे.

पेर्ट यांचेच घ्या. १९७६ पासून त्यांनी जी पद्धत अंगीकारली तिला त्यांनी टिंटिनाबुली असे नाव दिले. लॅटिनमध्ये टिंटिनाबुलम म्हणजे लहानशी घंटा. या पद्धतीत आवाजांची जोडी असते. एक आवाज सप्तकात एकेक पायरी चढतो-उतरतो, तर दुसऱ्याला एकाच त्रिस्वराचे, समजा सा, ग आणि प एवढेच स्वर घेण्याची मुभा असते. पहिला चालत राहतो आणि दुसरा त्याच्याभोवती घंटेसारखा वाजत राहतो. पहिल्याने किती पायऱ्या चालायचे, हे बऱ्याचदा शब्दात अक्षरे किती आहेत यावर ठरते. त्यांच्या १९७७ सालच्या 'मिसा सिलाबिका'चे नावच त्यावरून पडले आहे, कारण तिथे एका अक्षराला नेमका एकच स्वर मिळतो. त्यामुळे लॅटिन न येणाऱ्या श्रोत्यालाही एक काम कानाने करता येते, आणि ते म्हणजे शब्द कुठे संपला हे ओळखणे. तेवढे जमू लागले की चालणारा स्वर घंटेच्या स्वराला कधी इतका लगटून जातो की कानाला टोचतो, आणि पुढच्याच अक्षराला कसा मोकळा होतो, हे आपोआप ऐकू येऊ लागते. तुम्हाला जे धूसर वाटले ते बहुधा हेच होते, फक्त त्यातली पावले मोजलेली नव्हती.

टॅव्हनर यांची 'द लँब' ही १९८२ सालची रचना तर मी नवख्या श्रोत्याला नेहमी आधी ऐकायला सांगते, कारण तिची सगळी युक्ती उघड्यावर मांडलेली आहे. विल्यम ब्लेक यांची कविता, अवधी जेमतेम साडेतीन-चार मिनिटे. पहिली ओळ सोप्रानो, म्हणजे स्त्रियांचे वरचे आवाज, एकट्या गातात, अगदी लहान मुलाला शिकवावी इतकी साधी. दुसऱ्या ओळीला आल्टो त्याच स्वरावरून निघतात, पण सोप्रानो जितक्या वर जातील तितक्याच आम्ही खाली जातो, त्या खाली आल्या की आम्ही वर. पाण्याच्या काठावर उभ्या असलेल्या झाडाचे प्रतिबिंब असावे तसे. मूळ चाल गोड आहे आणि तिचे प्रतिबिंबही स्वतंत्रपणे गायले तर गोडच लागते, पण दोन्ही एकाच वेळी आल्या की मधल्या काही स्वरांना अंगावर काटा येतो. मग कडव्याच्या शेवटच्या ओळींना चौघेही आवाज साध्या स्वरमेळात एकत्र येतात, आणि त्या उबेचे मोल आधीच्या टोचणीमुळेच कळते.

लॉरिडसन यांच्या 'ओ मॅग्नुम मिस्टेरियुम' या १९९४ सालच्या रचनेबद्दल मला थोडे घरचे सांगायचे आहे, कारण तिच्यातला कळीचा स्वर आम्हा आल्टोंच्या वाट्याला आला आहे. गोठ्यात जन्मलेल्या बाळाला मुक्या जनावरांनी पाहिले, या आश्चर्याची ती संहिता. संपूर्ण रचना डी मेजरमध्ये आहे, आणि संगीतकाराने स्वतः लिहिले आहे की मूळ स्वरसमूहाबाहेरचा स्वर तिच्यात एकदाच येतो. 'व्हिर्गो', म्हणजे कुमारी माता, या शब्दावर आल्टो जी शार्प घेतात. डी हा षड्ज मानला तर तो तीव्र मध्यम होतो. इतका वेळ शुद्ध स्वरांत न्हालेल्या कानाला तो एकच तीव्र मध्यम कसा लागत असेल, हे इथल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. मातेच्या पुढ्यात काय दुःख वाढून ठेवले आहे याची ती चाहूल आहे. दहा-बारा तालमींनंतरही तो स्वर घ्यायच्या आधीच्या मात्रेला माझ्या हातातला कागद किंचित थरथरतो. तो ताणून, जोर देऊन गायला की नाटकी होतो आणि चोरून गायला की कोणाला ऐकूच जात नाही. तुम्ही ती रचना ऐकली असेल आणि हा क्षण निसटला असेल, तर पुन्हा ऐका.

आता बावीसच का, याविषयी. पियानोवरचा गांधार सोयीसाठी किंचित चढा बांधलेला असतो. एका अर्धस्वराचे शंभर भाग केले, तर निसर्गतः जुळणारा गांधार पियानोच्या गांधारापेक्षा सुमारे १४ भागांनी उतरलेला असतो, आणि चांगल्या जुळलेल्या तानपुऱ्यातून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो तो हाच. वाद्याची साथ नसली की क्वायरला हा गांधार लावण्याचे स्वातंत्र्य मिळते. प्रत्येक भागात पंचवीस माणसे असतील तर पंचवीस बारीक फरक एकत्र होऊन स्वराची कड रुंद होते. व्हेर्दीला ती रुंदी शोभते, तिच्यावाचून त्याची गर्जना उभीच राहणार नाही. इथे मात्र दोन-तीन जण एका भागात असतात, आवाजातला कंप जवळजवळ काढून टाकलेला असतो, आणि बास, म्हणजे पुरुषांचे सर्वांत खालचे आवाज, नेमके लागले की वरचा गांधार आपल्याआपण त्यांच्या अंगातून निघाल्यासारखा वाजतो. दगडी कमानींच्या जागेत तो स्वर थांबल्यानंतरही तीन-चार सेकंद रेंगाळतो, म्हणून पुढचा स्वर मागच्याच्या शिल्लक राहिलेल्या आवाजाशीही जुळवावा लागतो.

कमी माणसांत लपायला जागा नसते, हे मात्र खरे. एका भागात आम्ही दोघीच असलो तर दोघींनी एकाच वेळी श्वास घेऊन चालत नाही. कोणी कुठे घ्यायचा हे पेन्सिलीने लिहून ठेवावे लागते, आणि तेही शब्दाच्या मध्ये, जिथे श्रोत्याला संशय येणार नाही तिथे. शब्दाच्या शेवटी 'स' आला तर बावीस जणांच्या फुत्काराने घंटेचा परिणाम मातीमोल होतो, म्हणून आमच्याकडे दोघा-तिघांनीच तो उच्चारायचा आणि बाकीच्यांनी स्वरावरच थांबायचे असा दंडक आहे. एकदा सात मिनिटांची एक संथ रचना आम्ही अतिशय तल्लीन होऊन गायलो, आणि संपल्यावर संचालकांनी पुढच्या रचनेसाठी ट्यूनिंग फोर्क कानाशी धरून स्वर दिला तेव्हा सगळ्यांचे चेहरे उतरले, कारण आम्ही वाटेत संपूर्ण अर्धस्वर खाली घसरलो होतो आणि एकालाही पत्ता लागला नव्हता. श्रोत्यांनाही लागला नसावा. त्यांनी भरभरून टाळ्या वाजवल्या, आणि त्या ऐकून अधिकच ओशाळायला झाले.

खर्ज यांचे उत्तर:

आल्टो दोन यांनी ऐकणाऱ्याला दिलेली दिशा योग्य आहे. मी मात्र यात पत्रिका आखणाऱ्याला अधिक जबाबदार धरतो. लागोपाठ सहा संथ रचना ठेवल्या तर त्या सहाही कितीही थोर असल्या तरी एकमेकींना मारणारच. मैफलीत सहा विलंबित ख्याल एकामागून एक ठेवण्याचे धाडस कोणी करील का?

या एकसुरीपणामागे एक चिकटलेले लेबलही आहे. पोलिश संगीतकार हेन्रिक गुरेत्स्की यांनी १९७६ मध्ये लिहिलेल्या तिसऱ्या सिंफनीचे १९९२ साली निघालेले ध्वनिमुद्रण दहा लाखांहून अधिक खपले. गंभीर समकालीन संगीताच्या बाबतीत ही गोष्ट अघटितच होती, आणि मग गुरेत्स्की, पेर्ट व टॅव्हनर या तिघांची 'पवित्र मिनिमलिझम' (मोजक्याच स्वरसामग्रीचे धर्मसंगीत) या नावाखाली मोट बांधण्यात आली. एक पोलंडमधला कॅथलिक, एक एस्टोनियात वाढून ऑर्थोडॉक्स झालेला, एक इंग्लंडमध्ये १९७७ साली ऑर्थोडॉक्स पंथात गेलेला. तिघांची मिळून कोणतीही शाळा नव्हती. पण लेबल विकले गेले, आणि त्यातून अशी समजूत रुजली की आजचे धर्मसंगीत म्हणजे मेणबत्त्यांच्या उजेडातली गुंगी. त्यानंतर आलेल्या दुय्यम रचनाकारांनी तर हमखास यशाची कृतीच शोधून काढली: साधा त्रिस्वर घ्यायचा, त्यात शेजारचा एखादा स्वर मिसळायचा की ध्वनी लगेच दुधाळ होतो, मग तो दुधाळपणा पाच मिनिटे ढवळत राहायचे. तुमची पाचवी आणि सहावी रचना या जातीची असेल तर तुम्हाला कंटाळा आला हे तुमच्या कानांच्या निरोगीपणाचे लक्षण समजा.

उलट बाजूची उदाहरणे भरपूर आहेत. खुद्द पेर्ट यांनी १९९० साली केंब्रिजमधील किंग्ज कॉलेजच्या क्वायरसाठी 'बोगोरोदित्से द्येव्हो' ही रचना केली. चर्च स्लाव्होनिक या ऑर्थोडॉक्स उपासनेच्या जुन्या भाषेतील ही मरियेची प्रार्थना मिनिट-सव्वा मिनिटात संपते, तीही इतक्या लगबगीने की आनंदाची बातमी सांगायला कोणी धावत आले आहे असे वाटावे. पेर्ट म्हणजे संथ, ही समजूत या एका मिनिटात मोडते. जेम्स मॅकमिलन यांच्या संगीतात तर भांडण आहे, आक्रोश आहे, स्कॉटिश लोकगायनातल्या मुरक्यांसारखे झटके आहेत. 'द सिक्स्टीन' या क्वायरसाठी २००९ मध्ये त्यांनी रचलेले 'मिझेरेरे' ऐकून पाहा; ज्या ५१व्या स्तोत्रावर सतराव्या शतकात आलेग्री यांनी आपली प्रसिद्ध रचना केली तेच हे स्तोत्र, पण इथे पापाची कबुली देणारा माणूस घशाशी आलेले बोलतो आहे. फिनलंडच्या एइनोयुहानी राउताव्हारा यांनी १९७१-७२ मध्ये ऑर्थोडॉक्स रात्रजागराच्या संहितेवर जे संगीत रचले त्यात कुजबुज आहे, घसरत जाणारे स्वर आहेत, आणि आमच्यासारख्यांचा जीव ज्यावर जडलेला असतो तो जमिनीखालून आल्यासारखा बासही आहे. आल्फ्रेड श्निटके यांची १९८४-८५ मधील क्वायरसाठीची 'कॉन्सर्टो' दहाव्या शतकातील आर्मेनियन साधुकवी ग्रिगोर नारेकात्सी यांच्या विलापकाव्यावर आहे. व्हालेरी पोल्यान्स्की यांच्या चेंबर क्वायरसाठी लिहिलेली, चाळीस मिनिटांच्या आसपासची, आणि एकदा पेटली की भिंती हलवणारी. चेंबर क्वायर म्हणजे नाजूकपणा, हाही एक गैरसमजच आहे.

धूसरपणाबद्दल मात्र मला तुमच्याशी थोडे भांडायचे आहे, कारण धूसर असणे हा काही गुन्हा नाही, धुके कशाचे आहे हे महत्त्वाचे. नॉर्वेच्या क्नुट न्यूस्टेट यांची १९८८ मधील 'इम्मॉर्टल बाख' ही रचना हे समजण्यासाठी उत्तम आहे. सुरुवातीला क्वायर बाखच्या एका मृत्युगीताच्या काही ओळी जशाच्या तशा गाते. मग तेच स्वर पुन्हा सुरू होतात, पण क्वायरचे गट पडलेले असतात आणि प्रत्येक गट प्रत्येक स्वर वेगवेगळ्या कालावधीसाठी धरून ठेवतो, कोणी चार सेकंद, कोणी सहा, कोणी त्याहून अधिक. ओळखीचे गीत तुमच्या कानांदेखत वितळते, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी सगळे एकमेकांची वाट पाहून पुन्हा एका स्वरमेळावर येतात. त्यात नवा असा एकही स्वर नाही. ही रचना ऐकल्यानंतर बाकीच्यांच्या धुक्यात काही वितळलेले आहे, की मुळात आत काहीच नव्हते, हे ओळखायला फार वेळ लागत नाही.

टिपणवही यांचे उत्तर:

वरच्या दोन्ही उत्तरांत तुमचा तिसरा प्रश्न राहून गेला आहे, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो.

ज्यांनी हे संगीत रचले त्यांतले सगळेच श्रद्धाळू होते असे मानण्याचे कारण नाही. राल्फ व्हॉन विल्यम्स हे अज्ञेयवादाकडे झुकलेले गृहस्थ, तरी १९२१ मध्ये त्यांनी साथीविना गायचा जी मायनरमधील मास, म्हणजे उपासनाविधीच्या संहितेवरील रचना, पूर्ण केला आणि तो आजही उपासनेत गायला जातो. रोमानियातील ट्रान्सिल्व्हेनियात हंगेरियन भाषिक ज्यू कुटुंबात वाढलेले ग्योर्गी लिगेटी यांनी १९६६ साली मृतांसाठीच्या कॅथलिक प्रार्थनेतील 'लुक्स एतेर्ना' ही संहिता घेतली. सोळा स्वतंत्र आवाजांसाठीची ही सुमारे नऊ मिनिटांची रचना आहे. आरंभी स्त्रियांचे आवाज एकाच स्वरावर, अत्यंत हळू, एकेक करून दाखल होतात. सगळ्यांना त्याच स्वरांची माळ त्याच क्रमाने गायची असते, फक्त प्रत्येकाचा वेग निराळा असल्यामुळे ती माळ पसरत जाऊन प्रकाशाच्या पट्ट्यासारखी रुंद होते. 'त्यांच्यावर अखंड प्रकाश पडो' एवढाच त्या प्रार्थनेचा आशय आहे. दोन वर्षांनी हेच संगीत अंतराळावरच्या एका विख्यात चित्रपटात वापरले गेले आणि ज्यांनी कधी चर्चची पायरी चढली नाही अशा लाखो लोकांच्या कानांवर पडले. त्यांना ते परके वाटल्याचे ऐकिवात नाही.

अलीकडच्या काळात तर श्रद्धेची चौकट ठेवून आतले चित्र बदलण्याचे प्रयोग होत आहेत. डेव्हिड लँग यांच्या 'द लिटल मॅच गर्ल पॅशन' या २००७ मधील रचनेत येशूच्या यातनांच्या जागी थंडीत गोठून मरणाऱ्या काडेपेटीवाल्या मुलीची अँडरसनची गोष्ट येते, आणि बाखच्या 'मॅथ्यू पॅशन'मध्ये निवेदनाच्या मध्ये जशी समूहाची गाणी येतात तशी ती इथेही येतात. गाणारे चौघेच, आणि तेच छोटी तालवाद्येही वाजवतात. २००८ चे पुलित्झर पारितोषिक या रचनेला मिळाले. कॅरोलाइन शॉ यांनी २०१६ मध्ये 'द क्रॉसिंग' या फिलाडेल्फियातील चेंबर क्वायरसाठी 'टू द हँड्स' लिहिले. बुक्स्टेहुडे यांनी १६८० मध्ये क्रुसावरील येशूच्या एकेका अवयवाला उद्देशून जे कँटाटा, म्हणजे अनेक भागांच्या गायनरचना, रचले, त्यांतील हातांविषयीच्या कँटाटाला दिलेले हे उत्तर आहे, आणि त्याच्या एका भागात क्वायर जगातल्या विस्थापितांचे आकडे गाते. नुसते आकडे. तिथे श्रद्धेचा दाखला कोणी मागत नाही.

तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी असे मला वाटते. हे संगीत सभागृहात येऊन बसले त्याला इतिहास आहे. १९०३ मध्ये पोप दहावे पायस यांनी फर्मान काढून ग्रेगोरियन गायन, म्हणजे एकाच सुरावटीत गायले जाणारे जुने लॅटिन चर्चगायन, हा चर्चसंगीताचा आदर्श ठरवला, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषांतील उपासनेला वाट करून दिली. भाविकांनी स्वतः गावे हा आग्रह वाढला, आणि पुष्कळ ठिकाणी लॅटिन संहितेवरचे अवघड वृंदगान वेदीपासून दूर होत मैफलीच्या मंचावर आले. पलीकडे सोव्हिएत राजवटीत याच्या उलट अडचण होती. पेर्ट यांच्या १९६८ सालच्या 'क्रेडो'त येशूवरील विश्वासाचा उघड उच्चार होता, त्यावरून टालिनमध्ये गदारोळ झाला. त्यानंतरची सात-आठ वर्षे त्यांनी फार थोडे लिहिले आणि ग्रेगोरियन गायन व जुन्या बहुस्वरी संगीताच्या अभ्यासात स्वतःला गाडून घेतले. त्या मौनातून जी पद्धत निघाली ती आल्टो दोन यांनी समजावलीच आहे. १९८० मध्ये त्यांना देश सोडावा लागला, आणि त्यांच्या रचना जगभर पोहोचवणारी एस्टोनियन फिलहार्मोनिक चेंबर क्वायर तोनू काल्युस्ते यांनी स्थापन केली ती त्याच्या पुढच्याच वर्षी, त्यांच्या मायदेशात.

म्हणून श्रद्धा नसली तरी चालेल, पण संहितेला किंमत दिल्याशिवाय चालणार नाही. ती नुसती स्वरांना टांगायची खुंटी समजली की तुम्ही म्हणता तसे सगळे एकसारखेच वाटू लागते.

शेवटचा बाक लिहितात:

तिघांचेही मनापासून आभार. 'द लँब' चार वेळा ऐकली. पहिल्या दोन वेळा प्रतिबिंब कळले नाही. तिसऱ्या वेळी सोप्रानोंकडे मुद्दाम दुर्लक्ष करून फक्त आल्टोंच्या मागे गेलो आणि एकदम लख्ख दिसले. विशेष म्हणजे इतके दिवस जे मला गोडगोड वाटत होते त्यात चक्क खडे आहेत, हे त्या वेळी जाणवले. लिगेटी ऐकताना मात्र नऊ मिनिटांत घड्याळाची आठवणही झाली नाही, आणि संपल्यानंतरही काही क्षण ते संपले आहे हे मला ठरवता येईना. 'बोगोरोदित्से द्येव्हो' ऐकून हसू आले, कारण मी कार्यक्रमात ती ऐकली होती! दुसरी रचना तीच होती. मला ती आवडलेल्यांत मोजली गेली आणि तक्रार करताना विसरली गेली, यावरून माझ्या तक्रारीचे वजन किती, हे खर्ज यांनी ठरवावे.

एक व्यावहारिक शंका उरली आहे. पेर्ट यांची 'कानोन पोकायानेन' ही दीर्घ रचना ऐकायला घेतली आहे. ऐकताना भाषांतर समोर ठेवून वाचत जावे की आधी वाचून बाजूला ठेवावे? वाचत ऐकले तर डोळे कानांच्या पुढे पळतात, आणि न वाचता ऐकले तर अर्ध्या तासाने पुन्हा धुके दाटते.

खर्ज लिहितात:

वजन ठरवले, माफी मंजूर. पत्रिका आखणाऱ्याबद्दलचे माझे शब्दही तेवढ्या एका मिनिटापुरते मागे घेतो.

आल्टो दोन लिहितात:

भाषांतर आधी वाचून बाजूला ठेवा, आणि मूळ स्लाव्होनिक संहिता देवनागरीत किंवा तुम्हाला सोयीच्या लिपीत उच्चारानुसार लिहिलेली मिळाली तर ती समोर घ्या. अर्थ डोक्यात, अक्षरे डोळ्यांसमोर, अशी वाटणी केली की डोळे फार पुढे पळत नाहीत, कारण अर्थासाठी धावण्याची त्यांना गरज उरत नाही. कोलोनच्या कॅथेड्रलच्या ७५०व्या वर्षानिमित्त लिहिलेल्या या रचनेवर पेर्ट दोन वर्षांहून अधिक काळ काम करीत होते, आणि संहितेनेच संगीताचा आकार ठरवावा अशी त्यांची भूमिका होती. तेव्हा सव्वा तासाहून मोठी ही रचना एका बैठकीत संपवण्याचा हट्ट धरू नका. ती नऊ ओडींच्या, म्हणजे प्रार्थनागीतांच्या, जुन्या आराखड्यावर बेतलेली आहे आणि त्यांतली दुसरी ओड परंपरेनेच गाळली जाते, त्यामुळे पहिलीनंतर थेट तिसरी आली तर ध्वनिमुद्रणात काही राहून गेले असे समजू नका. एका वेळी एक ओड घ्या. प्रत्येकीत 'मजवर दया कर' या अर्थाची विनवणी पुन्हा पुन्हा येते. ती दर वेळी सारखीच आहे का, एवढेच ऐका. कोणते आवाज ती म्हणतात, किती हळू म्हणतात, आणि तिच्यानंतरची शांतता किती लांब ठेवली आहे. आमच्या संचालकांनी त्या शांततांवर पेन्सिलीने मात्रा लिहून घ्यायला लावल्या होत्या, आणि तालमीत सर्वांत जास्त चुका आमच्या तिथेच झाल्या, कारण कोणी ना कोणी अर्धी मात्रा आधी श्वास घ्यायचा आणि त्या दगडी खोलीत तो सगळ्यांना ऐकू जायचा.